काही न वाजवणारा माणूस

सामान्यकाळातील चौदावा रविवार (वर्ष ब)
शुभवर्तमान : संत मार्क ६:१-६



मे महिन्याच्या सुटीत आपल्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांचे शिबिर झाले. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मुले पेंगू लागली, म्हणून हॉलमध्ये पडदा लावून मी त्यांना एका मोठ्या वाद्यवृंदाची चित्रफीत दाखवली. व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रम्पेट, मागे मोठे नगारे. ऐंशी-नव्वद वादक आणि सर्वांच्या पुढे, श्रोत्यांकडे पाठ करून उभा असलेला एक माणूस. थोड्या वेळाने पाचवीतल्या एका मुलाने हात वर केला.

"फादर, तो मधला माणूस काय वाजवतो?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

"मग त्याला तिथं कशाला उभं केलंय?"

मी सांगितले, त्याला कंडक्टर म्हणतात. त्याबरोबर सगळा हॉल हसला. कंडक्टर म्हटल्यावर आमच्या मुलांना एसटीचाच कंडक्टर आठवणार! मागून एकाने विचारलेही, "फादर, तो तिकीट देतो का?" मीही हसलो. पण रात्री झोपताना वाटले, मुलाची उपमा तितकी चुकलेली नाही. एसटीचा कंडक्टरही गाडी चालवत नाही. स्टिअरिंग त्याच्या हाती नसते, ब्रेक त्याच्या पायाखाली नसतो. तरी त्याने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. सगळे आत आले का, म्हातारी आजी नीट चढली का, हे पाहणारा तो असतो.

वाद्यवृंदाच्या कंडक्टरचे काम काय असते, ते थोडे समजून घेऊ या. प्रत्येक वादकासमोर जो कागद असतो, त्यावर फक्त त्याच्या स्वतःच्या वाद्याचे स्वर लिहिलेले असतात. शेजाऱ्याने काय वाजवायचे, ते त्याच्या कागदावर नसते. सर्वांचे सर्व स्वर एकत्र लिहिलेली मोठी वही फक्त कंडक्टरपुढे असते. उजव्या हाताने तो ताल दाखवतो, डाव्या हाताने कोणाला थोडे हळू, कोणाला थोडे मोठ्याने असे सुचवतो, कोणी कधी सुरुवात करायची ते नजरेने सांगतो. आणि त्याची सर्वात महत्त्वाची खूण पहिल्या स्वराच्या आधी होते. तो हात वर उचलतो आणि श्वास घेतो. त्या एका श्वासात गीताची गती, त्याचा जोर, त्याचा भाव, सारे काही असते. सर्व वादक त्याच्याबरोबर श्वास घेतात आणि हात खाली येताच नाद उमटतो. संपूर्ण व्यासपीठावर स्वतःचा असा एकही आवाज न काढणारा तो एकटाच.

म्हणून या कामात एक मोठा मोह आहे. ज्याच्या हाती काठी, त्याला वाटते की संगीत आपल्या काठीतूनच निघते. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या दरबारी झाँ-बातिस्त ल्युली नावाचे फार मोठे संगीतकार होते. त्या काळी आजच्यासारखी हलकी छडी नव्हती. जाडजूड दंडा जमिनीवर आपटून ताल दिला जाई. १६८७ साली राजा आजारातून बरा झाला म्हणून पॅरिसमध्ये आभाराचे 'ते देउम' गाइले जात होते. ताल देता देता तो दंडा ल्युलींच्या स्वतःच्याच पायावर बसला. जखम चिघळली, पाय सडला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. देवाचे आभार मानण्याच्या गीताच्या वेळी ही दुर्घटना घडावी, याचे मला नेहमी वाईट वाटते. पण आम्हा धर्मगुरूंना, शिक्षकांना आणि घरातल्या कर्त्या माणसांना त्यात एक धडा आहे: फार जोराने आपटलेली काठी कधी कधी आपल्याच पायावर येते.

आता मी आपणास दूरच्या एका देशात घेऊन जाणार आहे. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला नावाचा देश आहे. बहुसंख्य लोक कॅथलिक, जमिनीखाली तेलाचे साठे, तरी कितीतरी लोक गरिबीत. १९७५ साली त्या देशाची राजधानी काराकास येथे होसे आन्तोनियो आब्रेऊ या गृहस्थांनी मुलांचा वाद्यवृंद सुरू करायचे ठरवले. ते अर्थशास्त्रज्ञ होते आणि संगीतकारही. पहिल्या सरावासाठी जागा मिळाली ती एका गाड्या ठेवण्याच्या गॅरेजमध्ये. शंभर मुले येतील असा त्यांचा अंदाज होता. स्वरलिपीचे कागद ठेवण्यासाठी पन्नास स्टँड कोणीतरी देणगी म्हणून दिले होते. संध्याकाळी आली फक्त अकरा मुले.

पुढे आब्रेऊंनी अनेकदा ही आठवण सांगितली. ते रिकामे स्टँड पाहून त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: सगळे गुंडाळून घरी जायचे, किंवा या अकरांचे अनेक करायचे. त्यांनी दुसरी वाट धरली आणि त्याच रात्री त्या अकरा मुलांना शब्द दिला की आपला वाद्यवृंद जगातल्या उत्तम वाद्यवृंदांपैकी एक होईल. पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट आपण किती वेळा ऐकली आहे! पण आपल्या सभेला अकराच माणसे आली तर आपण काय करतो? येणाऱ्या अकरांपुढे न आलेल्या नव्वदांची तक्रार करतो. मीही करतो. आब्रेऊंनी मात्र समोरच्या अकरांकडे पाहिले. त्यांची ही चळवळ 'एल सिस्तेमा' या नावाने ओळखली जाते. गावोगावी केंद्रे निघाली, शाळा सुटल्यावर मुले तिथे जमू लागली आणि लाखो मुलांच्या हाती वाद्य आले. २०१८ साली आब्रेऊ देवाघरी गेले.

अशाच केंद्रांपैकी एक बार्किसिमेतो या शहरात होते. देशाच्या पश्चिमेकडचे हे शहर संगीतासाठी प्रसिद्ध आहे. आणखी एका गोष्टीसाठीही. दर वर्षी १४ जानेवारीला तेथे 'दिव्य मेंढपाळीण' या नावाने पवित्र मरियेच्या मूर्तीची मिरवणूक निघते आणि लाखो भाविक चालत त्यात सामील होतात. या शहरात १९८१ साली गुस्तावो दुदामेल या मुलाचा जन्म झाला. वडील ट्रम्बोन वाजवत, आई गाणे शिकवी. मुलालाही वडिलांसारखा ट्रम्बोन वाजवायचा होता, पण हात आखूड पडले! मग हाती व्हायोलिन आले. घरी आजीजवळ असताना तो आपल्या खेळण्यातल्या छोट्या माणसांना वाद्यवृंदासारखे ओळीने मांडी, तबकडी लावी आणि त्यांच्यापुढे हात हलवत उभा राही.

हा मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना एक घटना घडली. मुलांच्या वाद्यवृंदाचा सराव होता. मुले वेळेवर आली, पण कंडक्टरना यायला उशीर झाला. आता शिक्षक नसलेल्या वर्गात काय होते, ते आपण सर्व जाणतो. गुस्तावो उठला, समोर गेला, छडी उचलली आणि गंमत म्हणून कंडक्टरची नक्कल करू लागला. सोबती हसले. ते त्याचेच मित्र, त्याच्याच रांगेत बसणारे. काल आपल्याबरोबर चुकणारा आज पुढे उभा राहून हात हलवतो म्हटल्यावर हसू येणारच.

पण मग हसता हसता त्यांनी वाद्ये उचलली आणि ते खरोखर वाजवू लागले. गमतीचा सराव झाला. दोनेक महिन्यांत तो मुलगा त्या वाद्यवृंदाचा सहायक कंडक्टर झाला. १९९९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, देशाच्या सिमोन बोलिवार युवा वाद्यवृंदाची जबाबदारी त्याच्याकडे आली. २००४ साली जर्मनीतील बामबेर्ग येथे तरुण कंडक्टरांच्या स्पर्धेत तो पहिला आला. १६ एप्रिल २००७ रोजी परमगुरुस्वामी पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त व्हॅटिकनमध्ये जो संगीत कार्यक्रम झाला, त्यात जर्मनीहून आलेल्या वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभा होता तो हाच, आजीच्या घरी खेळणी मांडणारा मुलगा. २००९ पासून त्याने अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या ख्यातनाम वाद्यवृंदाची धुरा सांभाळली.

अशा गोष्टी सांगताना आपण बहुधा त्या हुशार मुलाचे कौतुक करतो आणि थांबतो. आपल्या मुलांना सांगतो, बघ, मेहनत केली की असे मोठे होता येते. ते खरेच आहे. पण मला आज त्या मुलाविषयी बोलायचे नाही. मला त्या बाकीच्या मुलांविषयी बोलायचे आहे, ज्यांची नावे कोणाच्याही लक्षात नाहीत. जी आधी हसली आणि मग वाजवू लागली.

समजा, ती वाजवू लागली नसती तर? समजा, त्यांनी म्हटले असते, "अरे, हा तर आपला गुस्तावो! ट्रम्बोनवाल्याचा पोर. हा आम्हाला ताल शिकवणार?" मग त्या मुलाच्या हातात काय उरले असते? एक काडी. कंडक्टरची सारी कला त्याच्या हातात असते असे आपण समजतो, पण ती समोर बसलेल्यांच्या हातातही असते. त्यांनी श्वास घेतला नाही, तर त्याचा हात हवेतच हलत राहतो. ज्या दिवशी एखादा नवा कंडक्टर पहिल्यांदा उभा राहतो, त्या दिवशी परीक्षा एकट्या त्याची नसते. परीक्षा त्या वाद्यवृंदाचीही असते.

आता आजचे शुभवर्तमान पाहा. प्रभू येशू आपल्या गावी येतो. शब्बाथ दिवशी सभास्थानात शिकवू लागतो. ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला, त्या गावापुढे तो आज शिक्षक म्हणून उभा आहे. आणि संत मार्क सांगतो की ऐकणारे आधी थक्क झाले. एवढे ज्ञान याला कोठून मिळाले, याच्या हातून ही अद्भुत कामे कशी होतात, असे ते एकमेकांना विचारू लागले. म्हणजे त्यांना चांगले ऐकू आले होते, कळलेही होते. पण लगेच दुसरा विचार आला. हा तर सुतार. याची आई मरिया आपल्या ओळखीची. याचे नातलग आपल्यातच राहतात. आणि ज्याच्या बोलण्याने ते थक्क झाले होते, त्याच्याच विषयी ते अडखळले.

दोन ठिकाणचा क्रम लक्षात घ्या. बार्किसिमेतोमध्ये आधी हसू आले, मग साथ. नाझरेथमध्ये आधी कौतुक, मग नकार. मुलांकडे पाहून प्रभूने देवराज्य त्यांच्यासारख्यांचे आहे असे का म्हटले असावे, याचे एक कारण मला येथे दिसते. मुलांचे हसू टिकत नाही. खेळ सुरू झाला की ती खेळात उतरतात. आम्हा मोठ्यांचे कौतुक टिकत नाही. ओळखीचा चेहरा दिसला की आम्ही हिशोब काढतो. हा कोणाचा, याच्या बापाने काय केले, याला कालपर्यंत काय येत होते.

पुढचे वाक्य तर शुभवर्तमानातील अतिशय कठीण वाक्यांपैकी आहे. संत मार्क सांगतो की तेथे येशूला मोठे कृत्य करता आले नाही. थोड्या आजारी माणसांवर हात ठेवून त्याने त्यांना बरे केले, एवढेच. करता आले नाही! ज्याने वादळ शांत केले, याईरच्या मुलीला उठवले, त्याला स्वतःच्या गावात करता आले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना हे वाक्य मला फार छळत असे. देवाच्या पुत्राचे सामर्थ्य गावकऱ्यांच्या स्वभावामुळे कमी कसे होईल?

त्याच वर्षी संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आमच्या प्राध्यापकांनी शिकवला. देणाऱ्याचे दान कितीही मोठे असो, घेणाऱ्याच्या ठायी ते घेणाऱ्याच्या मापाने उतरते, असा त्याचा आशय. तेव्हा मी तो परीक्षेपुरता पाठ केला. त्याचा अर्थ कळला तो आपल्या गावच्या पावसात. आता जुलै सुरू आहे, पाऊस चांगला लागला आहे. तोच पाऊस बावखलात पडतो आणि पुढे कित्येक महिने वाडीला पाणी देतो. शेजारच्या ज्या बावखलात भराव टाकून आपण वर फरशी घातली, तिच्यावरही तोच पाऊस पडतो आणि पाच मिनिटांत गटारात जातो. पाऊस कमी पडला का? नाही. आपण जागा बुजवली. नाझरेथमध्ये प्रभूचे सामर्थ्य कमी झाले नव्हते. गावाने आपले बावखल बुजवले होते.

बंधूंनो आणि भगिनींनो, आता मला माझ्या स्वतःविषयी काही कबूल करायचे आहे. हे मी वेदीवरून बोलू शकलो नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आपले गायनमास्तर गेली चौतीस वर्षे आपल्या कॉयरचे मार्गदर्शन करत होते. यंदा प्रायश्चित्तकाळात त्यांना अर्धांगाचा झटका आला. देवाच्या कृपेने ते सावरले, चालतातही, पण उजवा हात उचलत नाही. पेंटेकॉस्टच्या रविवारी कॉयरपुढे पहिल्यांदाच आपल्यातलीच एक मुलगी उभी राहिली. बावीस वर्षांची. पहिल्या कम्युनियनपासून त्याच कॉयरमध्ये गायलेली, संगीताच्या परीक्षा दिलेली. त्या दिवसापासून आपल्या धर्मग्रामात काय काय बोलले गेले, ते मी पुन्हा सांगत नाही. गीते भराभर होतात. मास्तरांची चाल बदलली. ही कालची पोर. कॉयरमधल्या दोन जुन्या, भरदार आवाजांनी वर जाणेच सोडले. मी त्यांना दोष देत नाही, कारण माझा दोष त्यांच्याहून मोठा आहे.

तीन रविवार झाल्यावर मी मास्तरांना पवित्र कम्युनियन द्यायला त्यांच्या घरी गेलो. प्रार्थना झाली, चहा झाला. मी आपले विचारले, "मास्तर, खालून कसं ऐकू येतं? मुलगी थोडी घाई करते ना?"

मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. आजारानंतर त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. मग म्हणाले, "फादर, ती माझ्यापेक्षा जरा पुढं घेते, खरं आहे. मी शेवटी शेवटी फार रेंगाळत होतो, तेही खरं आहे. पण तिची अडचण वेगळीच आहे."

"कोणती?"

"तुमच्यासमोर माईक आहे, फादर."

मला एकदम कळले नाही. त्यांनीच सांगितले. वर ती मुलगी हात उचलते, कॉयर तिच्या तालात सुरू होतो. खाली वेदीपाशी मी, माईकमध्ये, चौतीस वर्षांच्या जुन्या चालीत, अर्धा ठेका मागे गात असतो. लोकांना ऐकू येतो तो माझा आवाज. लोक माझ्यामागे जातात. वरचा कॉयर आणि खालची मंडळी यांच्यात गीत फाटते आणि लोक म्हणतात, तिला जमत नाही. "तुम्ही मुद्दाम करत नाही," मास्तर म्हणाले, "पण ती बिचारी तुम्हाला कसं सांगणार?"

मी घरी येईपर्यंत पाऊस लागला होता. छत्री होती, तरी भिजलो. मी त्या मुलीला कधी विरोध केला नव्हता. उलट तिचे अभिनंदन केले होते, सर्वांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. नाझरेथच्या लोकांनीही आधी कौतुकच केले होते. पण माझ्या गळ्याने तिला स्वीकारले नव्हते. आणि म्हणूनच तिच्या हातून जे होऊ शकत होते, ते होत नव्हते.

हे केवळ कॉयरचे नाही. आपल्या घरी नवी सून येते आणि पहिल्यांदा वाटण घालून कालवण करते. आपण तोंडाने छान म्हणतो आणि मग स्वतः उठून त्यात मीठ-चिंच घालतो. मुलगा दुकानाचा गल्ला सांभाळू लागतो आणि वडील दारात खुर्ची टाकून प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतात, "माझ्याशी बोला." नवीन सहायक धर्मगुरू येतात, शाळेला नव्या मुख्याध्यापिका लाभतात, लहान ख्रिस्ती समूहाची प्रार्थना एखादी तरुणी घेऊ लागते, आणि आपण सर्वजण आपापला माईक सुरू ठेवतो. उघड नाही म्हणणारे थोडे असतात. अर्धा ठेका मागे गाणारे फार असतात.

याचा अर्थ असा नव्हे की नवीन ते सारे योग्य आणि जुने ते चुकीचे. नव्याने उभ्या राहणाऱ्यांनाही मला काही सांगायचे आहे. वाद्यवृंद सुरू होण्यापूर्वी ओबो नावाचे एक वाद्य एकच स्वर धरते आणि सर्व वादक आपापले वाद्य त्याच्याशी जुळवून घेतात. कंडक्टरचा हात त्यानंतर वर जातो. आधी ऐका. ज्यांच्यापुढे आपण उभे आहोत, त्यांच्यातील काहीजण आपल्या जन्माआधीपासून गात आहेत. त्यांच्या कागदावर काय लिहिले आहे ते ओळखा. श्वास त्यांच्याबरोबर घ्या. त्यांचा श्वास संपण्याआधी पुढचा ठेका देऊ नका. आणि हातातली छडी हलकी ठेवा. ल्युलींचा दंडा विसरू नका.

ज्यांनी आपल्याला उभे केले, त्यांचे ऋणही विसरू नका. त्या व्हेनेझुएलाच्या गुस्तावोची एक गोष्ट सांगायची राहिली. त्याचा देश पुढे मोठ्या संकटात सापडला. लोक रस्त्यावर उतरले. तो राजकारणावर बोलत नाही म्हणून कित्येकांनी त्याला नावे ठेवली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. मग मे २०१७ मध्ये काराकासच्या निदर्शनांत एक तरुण मुलगा मारला गेला. तो एल सिस्तेमामध्ये घडलेला व्हायोला वादक होता. त्यानंतर मात्र दुदामेलने जाहीरपणे आवाज उठवला. त्याची किंमतही मोजली. त्याच वर्षी देशाच्या युवा वाद्यवृंदाबरोबर ठरलेला त्याचा अमेरिका दौरा सरकारने रद्द केला. आयुष्यभर काही न वाजवता उभा राहणारा माणूस आपल्यातला एक वादक गेल्यावर बोलला. उशिरा बोलला, पण बोलला. अधिकार मिळतो तो समोरच्यांच्या विश्वासातून, आणि वेळ आली की तो त्यांच्यासाठीच खर्च करायचा असतो. मेंढपाळ आपल्या मेंढरांसाठी प्राण देतो हे आम्ही प्रभूकडून शिकलो आहोत. आम्हाला प्राण द्यावा लागत नाही. निदान आवाज तरी द्यावा.

आणि आता आपल्यातील जुन्या मंडळींना एक विनंती. आपण नवे गीत शिकायला घाबरत नाही; आपण आपली जागा जाईल याला घाबरतो. ते स्वाभाविक आहे. चौतीस वर्षे जो हात ताल देत होता, तो आज मांडीवर पडून आहे, आणि मास्तर दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसतात. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे नीट पाहिले. वर मुलीने हात उचलला असेल, कारण मास्तरांच्या छातीने श्वास घेतला. प्रवेशगीत सुरू झाले. त्यांचा आवाज बसलेला आहे, शब्द पुरे उमटत नाहीत, पण ते तिच्याच तालात गात होते. त्यांची जागा गेली नव्हती. ती माळ्यावरून तिसऱ्या बाकावर आली होती, एवढेच.

म्हणून मी एक निर्णय घेतला आहे. या रविवारपासून गीत सुरू असताना माझा माईक बंद राहील. साक्रिस्तानना तसे सांगून ठेवले आहे. मी विसरलो तरी ते विसरणार नाहीत. मीही गाईन, पण आपल्यासारखाच, वरून येणाऱ्या तालाकडे कान देऊन.

कॉयरचा सराव नेहमीप्रमाणे गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता आहे. माळ्यावर उजवीकडच्या बाकावर दोन जागा रिकाम्या आहेत. त्या कोणाला दिलेल्या नाहीत. त्या दोन आवाजांना माझी विनंती आहे, या गुरुवारी या. चाल आवडली नाही तर सराव संपल्यावर तिला सांगा. ती ऐकते, हे मी स्वतः पाहिले आहे. पण आधी एकदा तिच्याबरोबर श्वास घ्या.

येशू नाझरेथहून निघाला आणि आजूबाजूच्या गावांतून शिकवत फिरू लागला, असे आजचे शुभवर्तमान संपताना सांगते. तो थांबला नाही. पण नाझरेथला जे मिळायचे होते, ते शेजारच्या गावांना मिळाले. आपल्या धर्मग्रामात प्रभू ज्या ज्या नव्या चेहऱ्याने, ज्या ज्या ओळखीच्या माणसातून आपल्यापुढे उभा राहील, त्याला आपल्याकडून पुढच्या गावी जावे लागू नये.

हे प्रभू येशू, तू आमच्यात वाढलास आणि आम्ही तुला ओळखले नाही. आमच्या मनातले भराव काढून टाक. नव्याने उभे राहणाऱ्यांना ऐकण्याचे धैर्य दे आणि जुन्यांना साथ देण्याचा मोठेपणा दे. आमचे आजारी गायनमास्तर, त्यांच्या जागी उभी राहिलेली आमची मुलगी आणि आमचा सर्व कॉयर यांना आशीर्वाद दे. आणि आम्हा सर्वांना, वर आणि खाली, एका श्वासात तुझी स्तुती गाऊ दे. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू